जास्त दिवे, कमी उजेड

विजेच्या कामात सगळी उमर गेली, पण विजेचा झटका मला दोन-चारदाच बसला असेल. माणसांनी दिलेले झटके सांगत बसलो तर ह्या अंकाची पानं पुरायची नाहीत. वीज बिचारी सरळ असते. तिचे नियम ठरलेले. तुम्ही चुकलात तर ती दणका देते, नाही चुकलात तर मुकाट्यानं उजेड पाडते. माणसाचं तसं नाही. त्याला उजेड पुरत नाही, शेजाऱ्यापेक्षा जास्त उजेड लागतो.

चाळीसच्या दशकात नगर शहरात वीज होती, पण तिचा उपयोग काय करायचा ते फार थोड्यांना ठरवता आलं होतं. एका कचेरीतल्या हेडक्लार्कनं माझ्याकडून घराच्या दारावर बाहेरच्या अंगाला बल्ब लावून घेतला आणि घरात मात्र चिमणी ठेवली. वीज आल्याचं रस्त्याला कळलं म्हणजे त्याचं काम झालं होतं. त्याची बायको आत धुरात डोळे चोळत भाकरी थापायची. एका आडत्यानं पंखा बसवला तो फक्त स्वतःच्या गादीवर वारा येईल असा. शेतकरी समोर घाम गाळत बसला की लवकर भावाला येतो, हे त्यानं मला मोठ्या विश्वासानं सांगितलं. एक वकीलसाहेब तर तार शेजाऱ्याच्या भिंतीवरून न्यायला तयार नव्हते. म्हणाले, "जाता जाता तो थोडी काढून घेईल." मी तार फिरवून नेली. वकिलाशी वाद घालायला मी काही न्यायाधीश नव्हतो.

पण ही सगळी किरकोळ माणसं. मला ज्यांची आठवण लिहायची आहे ते आबासाहेब, शेवगावचे. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न सोनईला झालं आणि त्या लग्नाची रोषणाई आमच्याकडे होती.

आमच्याकडे म्हणजे माझ्या चुलत्याकडे. त्यांना सगळे उस्मानचाचा म्हणत. चाचांचं तेलावर चालणारं एक इंजिन होतं, त्याला जोडलेला डायनॅमो होता, आणि हा सगळा संसार बैलगाडीवर घालून आम्ही लग्नं, उरूस, जत्रा करत फिरायचो. खेड्यात तेव्हा वीज कुठली? गावात इंजिनाची धडधड सुरू झाली की म्हातारीकोतारी माणसंसुद्धा काठी टेकत बघायला यायची. इंजिन चाचांचं, तारा-दिव्यांची जोडणी माझी. चाचांचा एकच नियम होता. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं आणि भांडण लागलं की इंजिनाला तेल घालायला जायचं.

लढाई संपली तेव्हा नगरच्या लष्करात जमलेलं सामान लिलावात निघालं. तंबू, बूट, पत्र्याचे डबे, आणि दिव्यांच्या तयार माळा. चाचांनी त्या माळा उचलल्या. जाड काळी तार, तिला ओळीनं होल्डर, पावसातही चालेल असं पक्कं काम. माल नामी होता. खोट एवढीच की ते दिवे अमेरिकेचे होते, एकशे दहा व्होल्टचे. आमचा डायनॅमो दोनशे वीसचा. सरळ जोडले असते तर दिवे लागता लागताच गेले असते.

इथे थोडं धंद्याचं सांगतो. न कळण्यासारखं त्यात काही नाही. व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा. दिव्यातली बारीक तार त्या रेट्याला अडवते, अडवताना तापते आणि तापून उजळते. दिवे शेजारी शेजारी जोडले तर प्रत्येकाला सगळा रेटा मिळतो. एक गेला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. पण एकामागे एक जोडले तर रेटा त्यांच्यात वाटला जातो. ही वाटणी सारखी असतेच असं नाही. जो जास्त अडवतो त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात.

आमच्या माळेत दिवे शेजारी शेजारी होते. अशा दोन माळा आम्ही एकामागे एक जोडायचो. वीज एका माळेतून निघायची, दुसऱ्या माळेतून जायची आणि परत डायनॅमोला यायची. दोन्ही माळांत दिवे सारखे असले की दोनशे वीसची निम्मी निम्मी वाटणी व्हायची, एकीला एकशे दहा, दुसरीला एकशे दहा. सगळं सुखानं चालायचं. अट एकच, दोन्हीकडे दिवे सारखे हवेत. शहरात कितीतरी लग्नं आम्ही अशी केली आणि कोणाला काही कळलंही नाही.

आता ह्या जोडणीतली गंमत बघा. एका माळेत दिवे वाढवले की विजेला जायला वाटा वाढतात. वाटा वाढल्या की ती माळ एकंदरीनं कमी अडवते. कमी अडवते म्हणून तिच्या वाट्याला व्होल्टही कमी येतात, आणि उरलेले सगळे दुसऱ्या माळेवर पडतात. म्हणजे ज्यानं दिवे वाढवले त्याचेच मंद होतात आणि समोरच्याचे झगझगायला लागतात. शाळेत हे शिकवतात तेव्हा पोरं जांभया देतात. त्यांना एकदा एखाद्या व्याह्याबरोबर उभं करायला हवं.

सोनईचे तात्या हे मुलीचे वडील. खाऊनपिऊन सुखी, मळा बरा, माणूस अतिशय भला, म्हणजे मुलीच्या बापानं जेवढं भलं असू नये तेवढा. सोयरीक जुळवताना आबासाहेबांनी सांगितलं होतं, लग्न 'इलेक्ट्रिकमध्ये' लागलं पाहिजे. मुलीला काय येतं हे त्यांनी विचारलं होतं की नाही मला ठाऊक नाही, पण दिवे किती असतील हे विचारलं होतं. रॉकेल रेशनवर मिळायचं, तेव्हा गॅसबत्त्यांचा लखलखाट करणंही सोपं नव्हतं. तात्यांनी नगरला येऊन चाचांना गाठलं.

आम्ही आदल्या दिवशीच सोनईला पोचलो. इंजिन गोठ्यामागे उभं केलं. एक माळ घरापुढच्या मांडवाला आणि दुसरी जानवशाला, म्हणजे वऱ्हाड उतरणार होतं त्या मराठी शाळेला. मांडव आणि शाळा समोरासमोर होत्या, मध्ये मोकळं मैदान आणि पाण्याची एक चारी. एका अंगाची माणसं दुसऱ्या अंगाचे दिवे मोजू शकतील असा बेत गावानं जणू मुद्दाम केला होता. दोन्हीकडे तीस तीस दिवे लावले. बटण एकच, ते घराच्या पडवीतल्या खांबावर बसवलं, इंजिन जवळ पडतं म्हणून.

मी बटण ठोकत होतो त्या पडवीला लागूनच्या खोलीत नवरी हळदीच्या अंगानं बसली होती. तिचं नाव इंदू. दारातून बघत तिनं विचारलं, "मिस्त्री, शाळंवरचं दिवं कुठल्या बटनावर हायेत?"

"ह्याच बटणावर, ताई."

"म्हंजी हे बंद केलं की तिकडचं बी जातं?"

"दोन्ही माळा एकामागे एक आहेत. कुठंही तुटलं की सगळंच जातं. एकटं कोणालाच राहता येत नाही."

ती हसली आणि म्हणाली, "बरं हाय की." मला वाटलं, पोरीला लग्नाच्या घाईत बोलायला कोणी मिळालं नसेल. तिची सातवी झाली होती आणि पुढं शिकायचं राहून गेलं होतं, असं तिच्या आईकडून नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. मुहूर्त गोरज होता, पण मानपानात गोरज कधीच उलटून गेली. आधी आबासाहेबांच्या मेहुण्याला पाय धुवायला पाणी गार मिळालं. मग कोणाच्या तरी फेट्याचा रंग पसंत पडला नाही. प्रत्येक वेळी तात्या चारी ओलांडून जानवशाला जायचे, हात जोडायचे आणि परत यायचे. भटजींनी पंचांगात पुढचा मुहूर्त काढूनच ठेवला होता. अशा लग्नांचा त्यांना अनुभव होता.

दिवेलागणीला मी बटण दाबलं. दोन्हीकडे सारखा पांढरा उजेड पडला, गाव एकदम 'हो' म्हणून ओरडलं, आणि खरं सांगतो, त्या आवाजासाठी मी हा धंदा केला. तो आनंद पुढं कितीही मोठ्या इमारतीची वायरिंग करून मिळाला नाही. पण आबासाहेब शाळेच्या ओट्यावर उभे राहून बोटानं मांडवातले दिवे मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

पांढरं शुभ्र धोतर, जरीचा पटका, हातात चांदीच्या मुठीची काठी. आबासाहेब म्हणाले, "तिकडं किती दिवं हायेत?"

"तीस."

"आन् हितं?"

"इथंही तीस. दोन्हीकडे सारखेच ठेवलेत."

"सारखं?" त्यांना तो शब्द शिवीसारखा लागला. "वरपक्ष आन् वधूपक्ष सारखा असतो व्हय रं? पंधरा दिवं वाढव हितं."

मी सांगितलं की वाढवले तर उजेड कमी होईल. त्यांनी काठी दोनदा ओट्यावर आपटली. चाचांकडे पाहिलं तर चाचा तेलाचा डबा घेऊन इंजिनाकडे निघालेले. माळेत होल्डर रिकामे होते, पेटीत बल्ब होते. पंधरा लावले.

हिशेब अगदी सोपा आहे. पंचेचाळीस आणि तीस मिळून पंच्याहत्तर. दोनशे वीस व्होल्टचे पंच्याहत्तर वाटे करायचे. त्यातले तीस वाटे पंचेचाळीसवाल्याला आणि पंचेचाळीस वाटे तीसवाल्याला, असं उलटं द्यायचं. आबासाहेबांच्या वाट्याला आले अठ्ठ्याऐंशी आणि तात्यांच्या मांडवाला एकशे बत्तीस. तापलेली तार आणखी जास्त अडवते, म्हणून डोळ्यांना दिसणारा फरक हिशेबापेक्षा मोठाच असतो. शाळा पिवळी पडली. मांडव असा उजळला की वाढप्यांना आमटीतला कडीपत्ता मोजता आला असता.

वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. आबासाहेब म्हणाले, "ए मिस्त्री, आमचं दिवं आजारी का रं पडलं?"

"साहेब, तुम्ही दिवे वाढवलेत म्हणून. पंधरा काढा, लगेच बरे होतील."

आता ह्यात वाईट काय होतं? रोग सांगितला, औषध सांगितलं. पण आबासाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "माझ्या जानवशातलं दिवं काढ म्हनतोस? लोकांदेखत? कुनी शिकवलं तुला हे? तात्यानं?"

"नाही साहेब, विजेचा नियमच आहे तसा."

"ईज कुनाच्या गोठ्यामागनं येती? तात्याच्याच ना? मंग नियम बी त्याचाच असनार!"

आबासाहेबांचं सगळं आयुष्य ज्या हिशेबावर चाललं होतं त्यात जास्त म्हणजे जास्त होतं. जास्त जमीन, जास्त जेवणावळ, जास्त मोठा आवाज. जास्त लावून कमी मिळतं असा हिशेब त्यांना आजवर कोणी दाखवलाच नव्हता. आणि दाखवायला आला कोण, तर भाड्यानं आणलेला मिस्त्री.

मी मांडवात येऊन तात्यांना सांगितलं. पडवीत उभं राहून सगळा हिशेब समजावला. तात्यांनी तो ऐकून घेतला, मान डोलावली आणि जे केलं ते फक्त तात्याच करू शकले असते. म्हणाले, "रहिमानभाई, मला तुमचा हिशेब न्हाई कळत. आपन नमतं घेऊ. मांडवातलं दहा दिवं काढा आन् त्यांच्या तिकडं लावा. मंग तर त्यांचं समाधान हुईल?"

"तात्या, त्यानं उलट होईल. तुमचा मांडव आणखी उजळेल."

"कसा उजळंल? दिवं कमी केल्यावर उजेड वाढतो व्हय? आन् वाढला तरी त्यांना दिसंल ना, आमी आमचं काढून दिलं. लावा तुमी."

लावले. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. शाळेवर पंचावन्न झाले, मांडवात वीस राहिले. आता शाळेच्या वाट्याला साठ व्होल्टही नव्हते. पंचावन्न दिवे निखाऱ्यासारखे लाल, त्यांच्याखाली पाचपन्नास माणसं एकमेकांचे चेहरे ओळखायचा प्रयत्न करताहेत. आणि मांडवातल्या वीस दिव्यांवर एकशे साठ व्होल्ट. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तात्यांनी जितकं नमतं घेतलं तितका त्यांचा मांडव तेजाळला. जगात नम्रतेला इतकं उघड फळ मिळालेलं मी पुन्हा पाहिलं नाही, आणि ते फळ नेमकं नको तेव्हा मिळालं.

मग त्या रेट्यानं मांडवातला एक दिवा पट्कन फुटला. काच उडाली, बायका किंचाळल्या. एक गेला म्हणजे एकोणीस राहिले, त्यांच्यावर रेटा आणखी वाढला. थोड्या वेळानं दुसरा गेला. तिकडे जानवशात आबासाहेबांना वाटलं, मांडवात आपली फजिती बघून फटाके वाजवताहेत.

मध्यस्थ धावत आला. हा सोयरीक जुळवणारा माणूस, दिवसभर दोन्हीकडची मिठाई खाऊन दमलेला. धापा टाकत म्हणाला, "तात्या, आबासाहेब गाड्या जुंपायला सांगतायत. म्हनले, आता एकच. पोरीच्या बापानं जानवशात येऊन समद्या वऱ्हाडादेखत पागोटं माझ्या पायावर ठिवायचं. न्हाईतर नवरदेव परत शेवगावला."

इंजिन तेवढं धडधडत होतं. तेव्हाच्या दिवसांत मांडवातून वरात परत जाणं म्हणजे काय, ते आजच्या पोरींना सांगून कळणार नाही. त्या मुलीला दुसरं स्थळ मिळत नसे. धाकट्या बहिणी असल्या तर त्यांनाही. तात्यांना इंदूच्या पाठच्या दोन होत्या.

तात्यांनी डोक्यावरचं पागोटं दोन्ही हातांनी चाचपून नीट केलं. काढून पायावर ठेवायचं होतं ना, ते नीट दिसावं म्हणून. हे मी पाहिलं. दिवसभर मला त्यांचं हसू येत होतं, त्या क्षणी नाही आलं. ते मांडवाबाहेर पडून मैदानातून चालायला लागले. त्या वेड्या पांढऱ्या उजेडात त्यांची लांबलचक सावली त्यांच्यापुढे शाळेकडे निघाली होती. गावाला, वऱ्हाडाला, सगळ्यांना ती स्पष्ट दिसत होती. चाचांनी लावलेल्या रोषणाईचा तो खरा उपयोग.

तात्या चारीपर्यंत पोचले असतील, आणि सगळं विझलं.

मांडव काळा, शाळा काळी. मला वाटलं, उरलेले दिवे एकदम उडाले. पण काच फुटल्याचा आवाज नव्हता. इंजिन बंद पडलं म्हणावं तर ते चालूच होतं, उलट ओझं उतरलेल्या बैलासारखं आणखी जोरात. मी अंधारात चाचपडत पडवीकडे धावलो. खांबापाशी कोणीतरी उभं होतं. बांगड्या वाजल्या.

"मीच बंद केलंय, मिस्त्री," इंदू म्हणाली.

"अहो ताई, वेड लागलं का? तिकडं तात्या—"

"म्हनूनच केलं. आता कुनाला काय दिसतंय? पागोटं पायावर ठिवायचं तर आदी पाय दिसाय पायजेत."

"पण मुहूर्त? लग्न?"

"माझ्या आयचं लगीन गॅसबत्तीवर लागलं. तालमीत एक बत्ती हाय, आमच्या घरात एक हाय. आयनं रॉकेल राखून ठिवलंय. मांडवात दोन पुरतात." मग ती खांबाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "मिस्त्री, हात लावू नगासा बटनाला. माझ्या गळ्याची शप्पत हाय."

मी हात लावला नाही. चाचा कंदील घेऊन आले, "क्या हुआ, क्या हुआ," म्हणत. मी मोठ्यानं सांगितलं, "इंजिन बंद पडलं. दुरुस्तीला वेळ लागेल." चाचांनी धडधडणाऱ्या इंजिनाकडे बघितलं, बटणापाशी उभ्या नवरीकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी भांडणाच्या वेळी इंजिन बंद केलं. मात्र तोवर बराच वेळ ते चालू होतं, आणि ज्याला कान होते त्याला ऐकू आलं होतं.

मांडवात दोन गॅसबत्त्या पेटल्या. एवढ्या काळोखात साऱ्या गावात उजेड तेवढाच. आणि जिथं उजेड असतो तिथं माणूस जातोच, मग तो वरपक्षाचा असो की वधूपक्षाचा. आधी शाळेतून पोरं आली. त्यांच्या मागे त्यांच्या आया. मग करवल्या, फेटेवाले, पाय धुवायला गार पाणी मिळालेला मेहुणा, सगळे बत्तीच्या रोखानं चारी ओलांडून आले. कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलं नाही. सगळ्यांना भूकही लागली होती. नवरदेव घोड्याची वाट न बघता पायीच आला, दोन्ही हातांनी मुंडावळ्या वर धरून, ठेच लागू नये म्हणून खाली बघत. तो त्या दिवशी पहिल्यांदाच काहीतरी स्वतःहून करत होता. मला तो आवडला.

आबासाहेब शेवटी राहिले. पंचावन्न दिव्यांच्या खाली एकटे, अंधारात. मग काठी टेकत निघाले. चारीपाशी थांबले, कारण चारी कुठं आहे ते दिसत नव्हतं. पलीकडून तात्या म्हणाले, "कोन हाय?"

"मी हाय, आबा."

"हात द्या. खड्डा हाय हितं."

हे मी कंदील घेऊन तात्यांना शोधायला गेलो होतो म्हणून ऐकलं. कंदील मी धोतराच्या सोग्याआड झाकून धरला. तात्यांनी हात पुढे केला, आबासाहेबांनी तो धरला आणि दोघं व्याही हातात हात घालून मांडवात आले. लोकांना वाटलं, केवढं प्रेम! बायकांनी तर डोळ्यांना पदर लावले. तात्यांचं पागोटं डोक्यावरच होतं. अक्षता पडल्या, दोन बत्त्यांच्या उजेडात.

माझं मात्र नाव गेलं. त्या भागात मला पुढं कित्येक वर्षं 'विझवता मिस्त्री' म्हणत. इंजिन बंद पडलं हे मीच सांगितलं होतं, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? चाचांनी त्यानंतर दिवे जोडी-जोडीनं जोडायला परवानगी दिली. जोडीत एकामागे एक, आणि अशा जोड्या शेजारी शेजारी. मग कोणी कितीही जोड्या वाढवो, दुसऱ्याचं काही वाढत नाही, आपलं काही घटत नाही. ही जोडणी मी त्यांना आधीही सुचवली होती. पण तयार माळ कापायची म्हटलं की चाचांना वाटायचं कोणी आपलं बोट कापतंय.

बरीच वर्षं गेली. चाचा गेले, इंजिन भंगारात गेलं. शेवगावला वीज आली आणि घराघरात वायरिंगची कामं निघाली. एके दिवशी मला निरोप आला, आबासाहेबांच्या घरी काम आहे, रहिमानभाईंनाच पाठवा. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो, जरा भीतभीतच.

आबासाहेब ओसरीवर बसले होते. म्हातारे झालेले, पटक्याची जरी काळवंडलेली, काठी तीच. त्यांनी मला ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. इंदूताई बाहेर आल्या, केसांत थोडी चांदी, कडेवर नातेवाइकांचं कुणाचं तरी मूल. त्यांनी घर फिरून दाखवलं आणि कुठं दिवा, कुठं बटण ते सांगितलं. बोलणं अगदी मुद्द्याचं.

"परत्येक दिव्याला त्याचं त्याचं बटन पायजे, मिस्त्री. कुनाच्या मागं कुनी नगो. मामंजींचा दिवा गेला तर माज्या चुलीवरचा जाया नगो, आन् माजा गेला तर त्यांचा."

"घरात तसंच जोडतात, ताई. सगळ्यांना सारखे व्होल्ट."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तशाच हसल्या. मग कामाला आत गेल्या.

मी ओसरीवर येऊन आबासाहेबांना विचारलं, मेन स्विच कुठं बसवू? मेन म्हणजे साऱ्या घराची वीज एका जागी चालू-बंद करायचं बटण. तोवर मी ज्या ज्या घरात ते बसवलं होतं, तिथं ते मालकाच्या बैठकीजवळच असायचं. मालकाचा हात पोचेल अशा उंचीवर. मी भिंतीवर खडूनं खूणही करायला घेतली होती, बरोबर त्यांच्या लोडाच्या वर.

आबासाहेबांनी काठीनं माझा हात बाजूला केला.

"हितं नगो. आत बसवा, चुलीपाशी."

"चुलीपाशी? साहेब, मेन स्विच आहे हा."

"कळलं मला," म्हातारा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "मिस्त्री, त्या दिशी इंजिन बंद पडलं म्हनला हुता तुमी. मी शाळंच्या ओट्यावर उभा हुतो. इंजिन धडधडत हुतं. मी काय बहिरा न्हवतो. बटन कुनाच्या खोलीपाशी हुतं, ते बी मागनं कळलं." त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. "तिच्या हातापाशी बसवा. कवा बंद करायचं, ते ह्या घरात तिलाच कळतं."